तळ्यात डास नसल्याची तक्रार

माणसाने आयुष्यात एकदा तरी सत्याच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मी उभा राहिलो. आमच्या वसाहतीमागच्या तळ्याकाठी, संध्याकाळी सहा वाजता, डावी बाही दंडापर्यंत सरसावून, किड्यांच्या ढगात चांगली चाळीस मिनिटं उभा राहिलो. त्यातली पहिली पाच मिनिटं सत्यासाठी होती. उरलेली पस्तीस सासऱ्यांसाठी.

सासरेबुवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला म्हणून आमच्याकडे आले, त्याला दोन वर्षं झाली. गुडघा सहा आठवड्यांत बरा झाला. कापडगिरणीत ते चौतीस वर्षं तपासनीस होते. ठाणच्या ठाण डोळ्यांखालून घालायचे आणि कुठे धागा सुटलाय, कुठे गाठ आलीय ते बोट ठेवून दाखवायचे. नोकरी संपली, नजर संपली नाही. आता त्यांच्या डोळ्यांखालून मी जातो. मी चहा कुठल्या बाजूने ढवळतो, पेपरची घडी किती वाकडी घालतो, फोनवर किती वेळा ‘हो हो’ म्हणतो, सगळ्यावर बोट. फक्त संध्याकाळी चार ते आठ ते तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसतात. मी सहाला ऑफिसातून येतो. म्हणजे सहा ते आठ हे माझं या पृथ्वीवरचं एकूण स्वातंत्र्य. त्या वेळात हॉलमधली एकुलती एक आरामखुर्ची माझी असते.

त्यामुळे वार्षिक सभेत सेक्रेटरींनी ‘तळं बुजवून त्या जागी पार्किंग’ हा विषय काढला, तेव्हा मला आधी आरामखुर्ची आठवली. सेक्रेटरींचा सिमेंटचा घाऊक व्यापार आहे. कुठेही पाणी दिसलं की त्यांना त्यात काहीतरी ओतावंसं वाटतं.

“संध्याकाळी खिडकी उघडायची सोय राहिलेली नाही,” ते म्हणाले. “ढगच्या ढग डास!”

“ते डास नाहीत,” मी म्हणालो.

खरं तर मी हे स्वतःशीच म्हणालो होतो. पण नेमका त्याच क्षणी पंखा बंद पडला आणि माझं वाक्य सभागृहभर पसरलं. चाळीसेक खुर्च्या करकरल्या.

“मग काय आहेत? फुलपाखरं?” सेक्रेटरी म्हणाले.

“चिलटं आहेत. चावत नाहीत.”

“तुम्हाला काय माहीत?”

माझ्याकडे पुरावा होता, आणि भक्कम होता. सासरेबुवा दोन वर्षं रोज चार तास त्या काठावर बसतात आणि एकदाही डास चावल्याचं बोललेले नाहीत. उशी बोटभर उंच झाली तर जो माणूस अकरा दिवस बोलतो, त्याला एक जरी डास चावला असता, तरी कुठल्या पायाला, कुठल्या बाजूने आणि कुणाच्या हलगर्जीपणामुळे, हे अख्ख्या इमारतीला तोंडपाठ झालं असतं. पण हा पुरावा मांडता येईना, कारण पुरावा स्वतः दुसऱ्या रांगेत बसला होता.

म्हणून मी म्हणालो, “माझा अभ्यास आहे.”

पुढचं सगळं या तीन शब्दांमुळे झालं. सभेने तिथल्या तिथे ठराव केला, की तळ्यात डास नसल्याचा अधिकृत दाखला मी तीस दिवसांत आणावा. न आणल्यास तळं बुजवावं. टाळ्याही वाजल्या. कशासाठी ते कळलं नाही.

“अहो, कसला अभ्यास?” घरी आल्यावर बायकोने विचारलं.

“करणार आहे.”

“अजून करायचाय, हे बाबांना सांगू नका. ते तपासायला घेतील.”

माणसाने निर्धार केला की आसपासच्या लोकांना सल्ल्यांचा उमाळा येतो. वरच्या मजल्यावर दंतवैद्य राहतात. ते म्हणाले, “सोपं आहे. हात उघडा टाकून ढगात उभे राहा. चावले तर डास, नाही चावले तर चिलटं. फक्त तोंड बंद ठेवा.” आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाचा हा सल्ला मी गांभीर्याने घ्यायला हवा होता. चाळीस मिनिटांच्या प्रयोगात चावे शून्य आले आणि गिळलेले किडे सात.

प्रयोग सेक्रेटरींनी फेटाळला. “तुमचं रक्त त्यांना पसंत नसेल,” ते म्हणाले. पन्नास वर्षं ज्या रक्ताबद्दल कुणी ब्र काढला नव्हता, त्याचा हा जाहीर अपमान होता. मी दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नगरपालिकेचं आरोग्य खातं गाठलं.

खिडकीमागचे कारकून भिंग लावून शाईच्या पॅडमध्ये काहीतरी शोधत होते.

“डास नसल्याचा दाखला हवाय,” मी म्हणालो.

“डास असल्याची तक्रार तीन नंबरला.”

“असल्याची नाही. नसल्याची.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “नसल्याची तक्रार कोण करतं?”

“तक्रार नाही हो. दाखला.”

“हे बघा, साहेब. आम्ही माणूस पाठवतो तो तक्रारीवर. तक्रार नाही तर तपासणी नाही. तपासणी नाही तर डास आहेत की नाहीत, हे खात्याला माहीतच नाही. मग दाखला कशाचा देऊ?”

“मग मी काय करू?”

“डास आहेत म्हणून तक्रार करा. आमचा माणूस येईल, बघेल, नाहीत म्हणून लिहील. झाला की दाखला.”

मी स्वतः सरकारी माणूस आहे. वजनमापं खात्यात तपासनीस. दुकानातल्या तराजूला मोहोर लागते की नाही, वजन पाच ग्रॅमने कमी भरतं की काय, हे बघणं माझं काम. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला क्षणात पटलं, याची मला नंतर फार लाज वाटली. मी फॉर्म भरला: ‘आमच्या वसाहतीच्या तळ्यात डासांचा अतोनात उपद्रव असून रहिवासी हैराण आहेत.’ खाली सही केली. अगदी खाली बारीक अक्षरात ‘प्रत: संबंधित वसाहतीचे सेक्रेटरी’ असं छापलेलं होतं. ते मी वाचलं नाही. दुसऱ्यांच्या वजनावरचे बारीक आकडे वाचण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

‘तीन आठवड्यांत कधीतरी’ माणूस येणार होता. तोवर हातावर हात ठेवून बसणं मला जमणार नव्हतं. कॉलेजात कीटकशास्त्राच्या एक बाई आहेत, असं दंतवैद्यांना त्यांच्या एका दाढेकडून कळलं होतं. मी बाईंना गाठलं. टेबलावर डबे, डब्यांवर डबे, आणि त्यामागे बाई.

“आमच्या तळ्यात चिलटं आहेत,” मी सुरुवात केली.

“कुठलं?”

“मागचं तळं.”

“तळं नाही. चिलट कुठलं? एवढ्याशा डबक्यातसुद्धा पंधरा-वीस प्रकार सहज निघतात. तुमचं कुठलं?”

“सगळीच आमची,” मी म्हणालो. त्या पहिल्यांदा हसल्या आणि मग तासभर थांबल्या नाहीत. चिलटाची अळी तळाच्या चिखलात राहते. काहींच्या अळ्या रक्तासारख्या लालभडक असतात, कारण चिखलात हवा कमी आणि तो लाल रंग हवा धरून ठेवतो. पंख फुटले की ही मंडळी दोन-चार दिवसच जगतात आणि खाण्यापिण्याच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. संध्याकाळी दिसतो तो ढग बहुतेक सगळा नरांचा. मादी येईल म्हणून वाट बघत एकाच जागी वरखाली करत राहतात.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “मग तुम्ही चाळीस मिनिटं त्यांच्यात उभं राहून काय करत होतात?”

बाईंनी मला युक्तीही सांगितली. चिलट पाण्यातून उडून जाताना आपली कात पाण्यावर टाकून जातं. वारा त्या सगळ्या काती एका कोपऱ्यात ढकलतो. पहाटे जाऊन तो कोपरा बारीक जाळीने गाळायचा. बाई कातींवरून प्रकार ओळखणार होत्या. वाटलं तर अळ्याही आणा म्हणाल्या. त्यांच्या हनुवटीला दात असतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजायचे. “हनुवटीला दात?” दंतवैद्य हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाले, “एक अळी आणा क्लिनिकमध्ये. माझ्याकडे दिवा चांगला आहे.”

बारीक जाळी म्हणजे आमच्या घरातली चहाची गाळणी. सलग नऊ दिवस मी पहाटे तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून तळं गाळत होतो. फिरायला येणारी माणसं आधी थांबायची, मग लांबून जायची. एका बाईंनी आपल्या मैत्रिणीला हळूच सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं: “वजनमापं खात्यात आहेत. खूप ताण असतो म्हणे.” नवव्या दिवशी गाळणी परत दिली, ती बायकोने दोन बोटांत धरून थेट कचऱ्याच्या डब्यात टाकली.

इथे माझ्या खात्याने माझा घात केला. आमच्याकडे कुठलाही नमुना घ्यायचा तर तीन प्रतींत घ्यावा लागतो. एक प्रयोगशाळेला, एक समोरच्या पक्षाला, एक आपल्यापाशी. तेव्हाच तो कोर्टात टिकतो. मी तळ्याच्या सहा ठिकाणांहून पाण्याचे, चिखलाचे आणि अळ्यांचे नमुने घेतले. सहा त्रिक अठरा काचेच्या बरण्या. प्रत्येकीवर लेबल, तारीख, सही.

प्रयोगशाळेच्या सहा बरण्या बाईंनी परत पाठवल्या. त्यांना फक्त काती आणि दोन डब्या अळ्या पुरल्या. समोरच्या पक्षाच्या सहा मी सेक्रेटरींच्या दारात नेल्या.

“हे काय?”

“तुमचे नमुने. नियमाने तुमचा हक्क आहे.”

“मी माझ्या घरात किडे ठेवू?”

“नाही ठेवलेत तर नंतर आक्षेप घेता येणार नाही.”

त्यांनी आक्षेप तेवढ्यात घेऊन टाकला आणि दार लावलं. तेव्हा सगळ्या अठरा बरण्या आमच्या बाल्कनीत आल्या. अळ्यांना हवा लागते म्हणून झाकणं काढली आणि वरून बेडरूमचा जाळीचा पडदा अंथरला. तीन दिवसांनी बायकोची बहीण राहायला येणार म्हणून पडदा धुऊन पुन्हा खिडकीला लागला. बरण्या उघड्या राहिल्या. हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण बरण्यांची उंची, पातळी आणि लेबलं मी रोज तपासत होतो. झाकण हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

सत्ताविसाव्या दिवशी बाईंची यादी आली. आमच्या तळ्यात चिलटांचे तेवीस प्रकार होते. शिवाय चतुरांचे चार, चतुरांच्याच बारीक भावंडांचे, म्हणजे टाचण्यांचे तीन, पाण्यावर चालणारे लांब पायांचे किडे, उताणे पोहणारे किडे, एक पाणभुंगा ज्याला बाईंनी दोनदा अधोरेखित केलं होतं, आणि पंख फुटल्यावर एखाद-दुसरा दिवसच जगणारी एक नाजूक माशी. यादीत डास नव्हता. मी ती यादी सूचनाफलकावर लावली आणि दूर उभा राहून लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिलो.

सेक्रेटरींनी ती शांतपणे वाचली. “तेवीस प्रकार!” ते म्हणाले. “म्हणजे आपल्याला वाटलं होतं त्याच्या तेवीसपट त्रास आहे.” आणि खिशातून एक कागद काढून त्यांनी तो यादीवरच टाचला. ती माझ्या तक्रारीची प्रत होती. ‘डासांचा अतोनात उपद्रव असून रहिवासी हैराण आहेत.’ सही माझी. सुबक, ठसठशीत, तराजूवर करतो तशी.

संध्याकाळपर्यंत ती सगळ्या वसाहतीने वाचली. सासरेबुवांनीही वाचली. रात्री जेवताना त्यांनी पहिल्यांदाच माझा घास सोडून माझी सही धरली. म्हणाले, “जावईबापू, सहीखालची रेघ तिरकी गेलीय.”

एकोणतिसाव्या दिवशी पालिकेचा तपासनीस आला. बुटका, शांत, हातात लांब दांडा लावलेला पांढरा मग. खाली तोवर निम्मी वसाहत जमली होती. सेक्रेटरी पुढे होऊन त्याला तळ्याकडे नेऊ लागले. तो हलला नाही.

“तक्रारदार कोण?”

मी हात वर केला.

“नियमाने आधी तक्रारदाराचं घर. बाल्कनी आहे?”

बाल्कनी होती. सगळी वरात जिना चढून आमच्या घरात शिरली. बायकोने घाईघाईने आरामखुर्चीवरचे कपडे उचलले. तपासनीस बाल्कनीत गेला, पहिल्या बरणीत डोकावला, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि माझ्याकडे वळून आदराने बघत राहिला.

“साहेब, बावीस वर्षांत असं बघितलं नाही. लेबल लावून डास पाळलेत तुम्ही.”

अठरांपैकी सोळा बरण्यांत पाणी वळवळत होतं. “हे बघा,” तो सगळ्यांना दाखवू लागला, “शेपटी वर, डोकं खाली. चिलटाची अळी अशी लटकत नाही. हा डास. अस्सल.” बारा नंबरच्या बरणीतून एक जण आमच्यादेखत उडाला आणि सेक्रेटरींच्या मानेवर बसला. त्यांनी तो मारला नाही. हाताने दाखवला फक्त. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नव्या गाडीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

“म्हणजे सिद्ध झालं,” ते म्हणाले. “तळ्याचं पाणी, त्यात डास. उद्यापासून माती टाकायला सुरुवात.”

आरामखुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हळूहळू दूर जाताना दिसली. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

“सात नंबरची बरणी घ्या, जावईबापू,” सासरेबुवा म्हणाले. “तिच्यात जास्त आहेत. आणि न्हाणीतला पांढरा टब. चला.”

वरात पुन्हा खाली. तळ्याकाठी तपासनीसाने मग बुडवला, बघितला, ओतला. दहा ठिकाणी दहा वेळा. “नाही. नाही. चिलट. चतुराचं पिल्लू. नाही.” एकही डास नाही. सेक्रेटरी म्हणाले, “आज नसतील. उद्या होतील.”

“होणार नाहीत,” सासरेबुवा म्हणाले. त्यांनी त्यांच्या बाकाजवळच्या पाणवनस्पतींखालून टबात पाणी घ्यायला लावलं, तेही मला तीनदा ओतायला लावून, कारण मी ‘चुकीच्या बाजूने’ घेत होतो. मग खिशातून कापडातले धागे मोजायचं घडीचं भिंग काढलं. दोन वर्षं ते या बाकावर बसून काय करत होते, हे मला तेव्हा कळलं. “चतुराची पिल्लं तीन. उताणे पोहणारे पाच. आता डास टाका. तीस टाका.”

तपासनीसाने चमच्याने मोजून तीस टाकले. सगळे टबावर वाकले. चतुराचं पिल्लू तळाशी पानाच्या तुकड्यासारखं पडलं होतं. एक डास त्याच्यापुढून वळवळत गेला, पिल्लाचा खालचा ओठ हात लांब करावा तसा झटक्यात पुढे आला आणि डास नाहीसा झाला.

“ओठ? तो ओठ आहे?” दंतवैद्य जवळजवळ टबातच पडले.

“एकोणतीस,” सासरेबुवा म्हणाले.

सासरेबुवा मोजत राहिले. चोवीस. एकोणीस. अकरा. मध्ये एकदा म्हणाले, “इथे डासाचं अंडं पडत असेलही. पण शाळेत जाण्याइतकं मोठं कुणी होत नाही. आमच्या बाल्कनीत खाणारं कुणी नव्हतं, म्हणून वाढले.” पाऊण तासाने भिंग मिटून खिशात ठेवलं. “शून्य.”

तपासनीसाने तिथेच मांडीवर अहवाल लिहिला. ‘तळे: डास आढळले नाहीत. तक्रारदार: आढळले.’ तळ्याला दाखला मिळाला आणि मला नोटीस. दोन्हींवर एकच मोहोर होती. थोडी पुसट, मी सवयीने तपासली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “बुजवायचीच असेल तर यांची बाल्कनी बुजवा!” आणि सेक्रेटरी सोडून सगळे हसले. ठराव त्याच आठवड्यात मागे घेण्यात आला.

तळं वाचलं. बाईंची यादी आता काचेच्या चौकटीत तळ्याकाठी लावली आहे. संध्याकाळी मुलं, त्यांचे आईबाप, दंतवैद्य आणि त्यांचे काही पेशंट टब घेऊन येतात आणि चतुराचा ओठ बघतात. सासरेबुवांना पहिल्या आठवड्यात हे आवडलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, की तळ्यावर हल्ली फार गर्दी होते, माणसं चुकीच्या बाजूने पाणी घेतात, आणि एकूण त्यांचा गुडघा पुन्हा दुखू लागला आहे.

तेव्हापासून चार ते आठ ते हॉलमध्ये आरामखुर्चीत बसतात. मी ऑफिसातून परस्पर तळ्यावर जातो आणि आठपर्यंत त्यांच्या बाकाच्या कोपऱ्यावर बसतो.

परवा तिथे मला डास चावला. मी तक्रार केलेली नाही.